परातीत उरलेला नट

गाडी पूर्ण जोडून झाली, आणि परातीत एक नट उरला.

मी तो उचलला, पुसला, पुन्हा परातीत ठेवला. मग गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. कुठे काही मोकळं दिसेना. सगळे बोल्ट आपापल्या जागी, सगळ्यांवर नट. मग हा कुठला? हा प्रश्न पुढचे तीन आठवडे माझ्या डोक्यातून हलला नाही.

बाजूलाच खाटेवर सासरे बसले होते. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. त्यांनी विचारलं, "काही उरनं का?"

आणि मी, नववी-दहावीच्या पोरांना 'उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या खोट्या लिहू नका' असं वर्षानुवर्षं सांगणारी गणिताची बाई, नट मुठीत दाबून म्हणाले, "नाही नाना. काहीच नाही."

गाडी म्हणजे नानांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. माझ्या लग्नाआधीची, खरं तर माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीची. भडगावला एस.टी. स्टँडजवळ नानांचं गॅरेज होतं. धुळ्याला एका उस्तादाच्या हाताखाली शिकून त्यांनी ते टाकलं आणि चाळीस वर्षं चालवलं. मग त्यांच्या हातांना कंप सुटला. शर्टाचं बटण लावता येईना तिथे पाना कुठून धरणार? गॅरेज बंद झालं, आणि मोटरसायकल गोठ्यात गोणपाटाखाली जाऊन उभी राहिली. तिच्या सीटवर कोंबडी अंडी द्यायची.

दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी भंगारवाल्याला बोलावलं. त्यांना घरीदारी सगळे अक्का म्हणतात. अक्का कामाच्या बाबतीत रोखठोक. 'जागा अडते' म्हणाल्या, विषय संपला. भंगारवाल्याने हँडल धरलं, ओढलं, दोन्ही चाकं जाम. तो ओढतोय, गाडी फरफटतेय, आणि नाना उठून घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला ते बघवलं नाही. मी भंगारवाल्याला म्हटलं, "सोडा ती. नाही द्यायची."

"मग काय करणार तिचं?" नवऱ्याने विचारलं.

"दुरुस्त करणार."

"कोण?"

"मी."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मला तेव्हा साधी सायकलची चेन चढवता येत नव्हती हे खरं आहे. पण एकदा कोणी हसलं की मी मागे हटत नाही, हा माझा स्वभाव. माहेरी रावेरला वडील म्हणायचे, ही पोरगी केळीच्या ट्रकला सुद्धा धक्का मारेल, नको म्हणून सांगितलं तर.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी अंगणात. निंबाखाली खाट, खाटेवर नाना, खाली पोत्यावर मी. नानांनी पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली. "मनं डोकं, तुना हात." डोकं त्यांचं, हात माझे. मी रावेरकडची, माझी बोली वेगळी, लग्नाला अठरा वर्षं झाली तरी नानांची अहिराणी रागात वेगाने आली की अर्धी डोक्यावरून जाते. त्या हिवाळ्यात मी ती नीट शिकले, कारण त्यांना राग रोजच यायचा. कार्बोरेटरचं बारीक भोक मी साडीच्या पिनने साफ करायला गेले तेव्हा ते खाटेवरून जवळजवळ उठलेच. एक बोल्ट मी इतका आवळला की तुटूनच हातात आला. इंजिनाचं झाकण उघडताना खालचं सगळं काळं तेल माझ्या मांडीवर. नवरा रोज संध्याकाळी दारात उभा राहून विचारायचा, "काय बाई, आज काय तोडलं?"

पण नानांचा चेहरा बदलत चालला होता. आधी ते दिवसभर भिंतीकडे बघत. आता दुपारी चारपासून दाराकडे बघायचे, मी कधी येते म्हणून. जळगावच्या जुन्या सामानाच्या दुकानात काय आणायचं त्याची यादी ते तोंडी सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे. कामाची त्यांची एक पद्धत होती आणि तीत सूट नव्हती. प्रत्येक सुटा भाग डिझेलमध्ये धुवायचा, जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, मोठ्या परातीत मांडायचा, बसवताना परातीतूनच उचलायचा. परात रिकामी झाली की काम संपलं. आणि प्रत्येक संध्याकाळी तोच प्रश्न, काही उरनं का.

गाडी नुसती पूर्वीसारखी करायची नव्हती, अक्कांसाठी करायची होती. ते माझं डोकं. अक्कांचे गुडघे गेलेत, पाय वर उचलत नाही. म्हणून मी सीट चार बोटं खाली घेतली, मागे पाठीला टेकायला गादीचा तक्क्या लावून घेतला, आणि दोन्ही पाय ठेवायला एका बाजूला रुंद पट्टी. रंग दिला हिरवा. नाना बघून म्हणाले, "केळीना पाला." मी म्हटलं, रावेरची सून केलीत ना, मग आता पाला सोसा.

हे सगळं आखाजीच्या आत व्हायला हवं होतं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्या खानदेशात ती माहेरवाशिणींची. झोके, गाणी, आंब्याचा रस, पुरणपोळी आणि माहेर. सत्तरीची बाई सुद्धा आखाजीला माहेरी जाते. अक्कांचं माहेर गिरणेपलीकडे, दहा-बारा किलोमीटर. तरुणपणी दरवर्षी नाना त्यांना याच मोटरसायकलवर सोडायला जायचे. अक्कांचा एकच भाऊ उरलाय, तो वर्षभरापासून अंथरुणाला खिळलेला. त्याने फोनवर एकदा सहज म्हटलं, 'पहिल्यासारखी गाडीवर ये ना एकदा.' भंगारवाल्याला बोलावणाऱ्या अक्काच मग मला येता-जाता विचारू लागल्या, "व्हई ना वं आखाजीपर्यंत?"

म्हणून मी खोटं बोलले. नट उरला असं सांगितलं असतं तर नानांनी सगळी गाडी पुन्हा खोलायला लावली असती. त्यांना मी ओळखत होते. गाडी पुन्हा खोलली तर माझ्या हाताने ती आखाजीच्या आत जोडून झाली नसती. आणि दुसरं कारण सांगायला लाज वाटते. नवऱ्याने सगळ्या नातेवाइकांत आधीच सांगून ठेवलं होतं, 'गणिताच्या बाईने गाडी जोडलीय, बघू बाकी किती उरते.' त्याचं ते वाक्य खरं करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

पण गाडीवर बसणार होता कोण? तोच नवरा, आणि मागे अक्का. वाटेत काही निसटलं, तर? हा 'तर' घेऊन मी तीन आठवडे काढले.

मी नट ओढणीच्या टोकाला बांधून ठेवला. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली होती. नाना दुपारी डोळा लावायचे तेव्हा मी गाडीशी बसून एकेका बोल्टवर तो लावून बघायचे. कुठे तो मोठा पडायचा, कुठे आटेच जुळायचे नाहीत. पुढचं चाक खोलून पुन्हा बसवलं. हँडल खोललं. एकदा क्लचचं झाकण खोललं, चोरासारखं, आणि तेल सांडलं ते राखेने पुसून काढलं. कुठेच जागा सापडेना. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता हात थांबायचा, वाटायचं, इंजिनाच्या आतला असेल. आतला असेल तर ते कधी कळणार? वेगात असताना कळणार. पोरं म्हणायची, "बाई, पुढे?" मला पुढे काही सुचायचं नाही.

परातीत त्या नटासोबत आणखी एक वस्तू उरली होती. एक पिन, तारेची, दुहेरी, दोन पाय असलेली, नवी कोरी. तिचं मला काहीच वाटलं नाही. जळगावहून आणलेल्या सामानातली होती. एखादी जास्तीची आली असेल, असं म्हणून मी ती खिळ्यांच्या डबीत टाकली आणि विसरले. माझा सगळा जीव त्या नटात अडकला होता.

गाडी सुरू झाली त्या दिवशी अंगणात निळा धूर आणि शेजारच्या बायका. नवऱ्याने किक मारली, चौथ्या किकला ती फटफटली, आणि नाना दोन्ही हात मांडीवर दाबून बसले होते तरी हात उडत होते. आनंदाने की कंपाने, कोण जाणे. मला सुद्धा रडू आलं. पण पुढच्याच क्षणी ओढणीचं टोक हाताला लागलं आणि रडू आटलं. नवरा रोज गावातल्या गावात एक चक्कर मारून यायचा. तो परत येईपर्यंत मी पोळी लाटायचे ती नकाशासारखी. "मस्त चालते!" तो म्हणायचा. आता चेष्टा बंद झाली होती, उलट कौतुक करायचा मेला. ते मला जास्त टोचायचं.

आणि नाना? नाना रोज विचारत राहिले. गाडी जोडून झाली, चालू झाली, तरी रोज संध्याकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे न बघता, "काही उरनं का, माय?" मी म्हणायचे, "नाही." मला वाटायचं, वय झालंय, सवय आहे, विचारतात.

आखाजीच्या सकाळी आठला, ऊन चढायच्या आत, अक्का निघाल्या. नवीन लुगडं, हातात पिशवी, पिशवीत पुरणपोळ्या आणि माझ्या नवऱ्याचा फोन, कारण त्याच्या पँटचा खिसा फाटका. गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अक्का पट्टीवर पाय ठेवून बसल्या, तक्क्याला पाठ टेकली आणि हसल्या. मी लग्न करून आले तेव्हापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. गाडी कोपऱ्यावर वळली. हिरवा रंग दिसेनासा झाला.

मी आत आले. भांडी घासायला घेतली. एक ताट घासलं आणि तेच पुन्हा घासलं. डोळ्यांपुढे गिरणेचा पूल येत होता, त्याचे कठडे, खालची खोली. व माय, म्हटलं, काय करून बसले मी! एवढ्याशा हट्टासाठी? हात न धुताच बाहेर गेले, खिळ्यांची डबी ओढून काढली, ओढणीची गाठ सोडली, आणि नट आणि पिन दोन्ही नानांपुढे खाटेवर ठेवलं.

"नाना, मी खोटं बोलले. हे उरलं होतं. तीन आठवडे झाले."

नानांनी नटाकडे पाहिलं. आणि हसायला लागले. तोंड उघडून, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मला वाटलं, यांना काही झालं.

"हाऊ मना शे," ते म्हणाले. हा माझाय.

मग त्यांनी सांगितलं. धुळ्याच्या त्यांच्या उस्तादाची ही रीत. नवीन शिकणाऱ्याच्या परातीत गुपचूप एक परका नट टाकायचा, कुठल्याच गाडीला न लागणारा. पोरगा येऊन म्हणाला, उस्ताद, हा उरला, तर त्याला ब्रेकचं काम द्यायचं. खिशात घालून गप्प बसला, तर त्याला पुन्हा डिझेल आणि फडकं. उस्तादाने नानांच्या परातीत टाकलेला तोच हा नट. उस्तादाने तो पुढे नानांना दिला, आणि नानांनी चाळीस वर्षं आपल्या प्रत्येक पोराच्या परातीत टाकला. शेवटी माझ्या.

"तू सांगशी म्हनीसन वाट देखी ऱ्हायंतू," ते म्हणाले. तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. माझी घालमेल त्यांना दिसत होती. दुपारी डोळे मिटून पडायचे ते जागेच असायचे. मी चोरून क्लच खोलला ते त्यांनी पाहिलं होतं, आणि मनातल्या मनात हसत होते, की बाई काही केल्या तोंड उघडत नाही.

माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू! तीन आठवडे माझ्या घशाखाली घास उतरला नाही आणि हा म्हातारा गंमत बघत होता? पण रागाच्या आत कुठेतरी फार हलकंही वाटलं. नट परका होता. गाडीत कशाचीच कमी नव्हती. मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "नाना, तुम्ही पण ना!"

नाना अजून हसत होते. हसता हसता त्यांची नजर पिनेवर गेली.

"हाई कोठली?"

"ती जास्तीची. सामानात आली होती."

त्यांचं हसू थांबलं. "मी तं एकच टाकेल व्हता."

"अहो, दुकानातून जास्त आली असेल."

"कितल्या लिहेल व्हत्या?"

चार. चार पिना त्यांनीच सांगितल्या होत्या, मीच लिहिल्या होत्या, आणि पुडीत चारच आल्या होत्या. मी स्वतः मोजून घेतल्या होत्या, गणिताच्या बाईने. नाना कापऱ्या बोटांवर मोजू लागले. पुढच्या चाकाला एक. पुढच्या ब्रेकला एक. मागच्या ब्रेकच्या दांडीला एक. चौथी...

मला ती दुपार स्वच्छ आठवली. मागचं चाक बसवलं, आसाचा मोठा नट आवळला. त्या नटाच्या खाचेतून आसाला आरपार भोक असतं, त्यात ही पिन घालून तिचे पाय वाकवायचे, म्हणजे नट सुटत नाही. नाना म्हणाले होते, पिन आता नको, आधी चेन ताणायची, त्यासाठी चाक मागे-पुढे करावं लागतं. चेन आम्ही चार दिवसांनी ताणली. त्या दिवशी नानांना ताप होता, ते आत झोपले होते. मी एकटीनेच चेन ताणली, नट पुन्हा आवळला, आणि पिन परातीतच राहिली. मग परातीत तो नट दिसला, आणि नटापुढे पिनेकडे बघतंय कोण!

मागचं चाक. त्याच्यावर अक्का.

मी फोन लावला. वाजत राहिला. पिशवीत, पुरणपोळ्यांखाली, अक्कांना कमी ऐकू येतं. पुन्हा लावला. पुन्हा. नाना खाटेवरून उठले होते, चपला न घालता. "गाडी काढ," म्हणाले.

मी स्कूटी काढली. पाना आणि पक्कड घेतली, पिन ओढणीत खोचली. नाना मागे बसले. अठरा वर्षांत या माणसाचा हात मला कधी लागला नव्हता. आता दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते आणि ते इतके कापत होते की मला हँडल सरळ धरता येईना. बाजारपेठेतून जाताना लोक बघत होते, सून पुढे, सासरा मागे, दोघांचे चेहरे पांढरे. कोणीतरी हाक मारून विचारलं, काय झालं. नाना त्याला ओरडून म्हणाले, "सरक!"

गावाबाहेर पडलो आणि माझा बांध फुटला. स्कूटी चालवता चालवता मी बोलत सुटले. "चाळीस वर्षं पोरांना खेळवलंत, मलाही खेळवलंत! मला झोप नव्हती नाना, जेवण नव्हतं! मी त्या तुमच्या नटाच्या मागे धावले म्हणून पिन राहिली! एक शब्द बोलला असतात तर?" वाऱ्याने अर्धं उडून जात होतं पण मी थांबले नाही. सासऱ्यांशी असं कोणी बोलत नाही, मीही कधी बोलले नव्हते. त्यांनी माझे खांदे आणखी घट्ट धरले. मग कानाजवळ एकदाच आवाज आला, "मनी चूक शे." थोड्या वेळाने पुन्हा, "तुनी बी शे. पन पहिले मनी."

प्रत्येक वळणावर मी रस्त्याच्या कडेला गर्दी दिसते का ते बघत होते. एक ट्रॅक्टर पुढे होता, कडब्याने भरलेला, रस्ता देईना. हॉर्न दाबून धरला. वळण संपलं आणि पूल दिसला. पुलावर काहीच नव्हतं. मला ते बरं की वाईट ते समजेना. गर्दी नाही म्हणजे पडले नाहीत, की पडून खूप वेळ झाला? कठडा सगळा शाबूत आहे का, ते मी बघत बघत गेले. पूल संपला आणि पलीकडे बाभळीखाली रसवंती, चरकाचे घुंगरू वाजत होते, आणि सावलीत केळीच्या पाल्याचा हिरवा रंग.

अक्का बाकड्यावर बसून उसाचा रस पीत होत्या. नवरा गाडीशी उभा राहून चार माणसांना सांगत होता, "सगळी बायकोने जोडलीय." आम्हाला बघून त्याचा हात हवेतच राहिला.

मी स्कूटी स्टँडवर लावलीच नाही, ती तशीच आडवी पडली. नाना अनवाणी, तापलेल्या डांबरावरून, गाडीकडे गेले आणि मागच्या चाकाशी गुडघे टेकले.

नवरा म्हणाला, "काय झालं? तशी छान आली. फक्त मागून जरा डुलत होती. मला वाटलं, अक्का हलतेय. म्हणून म्हटलं, थोडं थांबू."

नानांनी हात पुढे केला. दोन वर्षांत या हाताने शर्टाचं बटण लागलेलं नव्हतं. पेला धरला तर पाणी सांडायचं. त्या हाताचा अंगठा आणि एक बोट त्यांनी आसाच्या नटावर ठेवलं आणि वळवलं. नट फिरला. ना पाना, ना जोर. बाटलीचं बूच फिरावं तसा फिरला. मी वाकून बघितलं. बाहेर पडायला त्याला दोन आटे राहिले होते. तीन आठवड्यांच्या त्या रोजच्या चकरांत तो थोडा थोडा सुटत आला होता, आणि आज त्याने उरलेलं अंतर कापलं होतं.

चरक फिरवणाऱ्याने चरक थांबवला.

मी चाक सरळ केलं, चेन बघितली, नट आवळला. पान्यावर सगळं वजन टाकून आवळला. मग पिन काढून नानांना दिली. त्यांना घालायची होती ते मला दिसत होतं. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, पिन भोकाच्या आजूबाजूला नुसती नाचली. मग त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. मी घातली, पकडीने पाय वाकवले, एक इकडे, एक तिकडे.

"काही उरनं का?" नानांनी विचारलं. सवयीने नाही विचारलं.

मी ओढणी चाचपली. नट मी निघताना खाटेवरून उचलला होता, का ते माहीत नाही. तळहातावर घेऊन दाखवला. "हा. एक नट उरलाय."

नट आवळता आवळता मी नवऱ्याला मोठ्याने सांगत होते, त्यावरून अक्कांना सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता या घरी परत चला म्हणतील, पुन्हा गाडीचं नाव काढणार नाहीत. त्यांनी रसाचा पेला संपवला, ओठ पुसले, आणि आधी नानांना, मग मला अशा काही शिव्या हासडल्या की रसवंतीवाला तोंड फिरवून हसला. मग स्वतःच जाऊन पट्टीवर पाय ठेवून बसल्या. "चाल रे," मुलाला म्हणाल्या, "भाऊ वाट देखी ऱ्हायना व्हई." नवऱ्याचा चेहरा उतरला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, जाऊ का, असं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझी परवानगी मागितली, तीही अशा वेळी. मी आसाचा नट हाताने पुन्हा एकदा फिरवून बघितला. हलला नाही. म्हटलं, जा. हळू जा.

गाडी गेली. मागून डुलत नव्हती. तरी ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले, आणि नानाही.

परत येताना पुलाच्या मध्यावर नानांनी खांद्यावर थोपटलं, थांब म्हणून. उतरले. मला वाटलं, चक्कर येतेय. त्यांनी हात पुढे केला. मी उस्तादाचा नट त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चोळला. मला वाटलं आता म्हणतील, ठेव जपून, पुढे कोणाला शिकवशील तेव्हा लागेल. मी आधीच सांगून टाकलं, "नाना, मी कोणाच्या परातीत असलं काही टाकणार नाही. मी रोज विचारीन, आणि उरलं असेल ते सांगितलं तर ओरडणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि हात मागे नेऊन नट नदीकडे फेकला. पण हात कापला. नट कठड्याला लागला, टणकन उडाला आणि परत आमच्याच पायांशी येऊन पडला. नाना त्याच्याकडे बघत राहिले, अनवाणी पाय उन्हाने भाजत असताना, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला माझा सगळा राग विसरावा लागला.

मी वाकले, नट उचलला, आणि कठड्यावरून लांब फेकून दिला. पडल्याचा आवाज आला नाही. गिरणेत तेव्हा नुसती वाळू होती.